राखेचं तळं म्हणता तुम्ही

आमच्या गावात कोणी विचारलं की बुढ्याचं शेततळं कुठं आहे, तर लोक आता हात करून सांगतात, ते काय, राखेचं तळं. आधी त्याला तिचं तळं म्हणायचे. वावर माझं, सातबारा माझ्या नावावर, पण तळं तिचं. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, कारण ते तिचंच होतं. हे नवं नाव ज्यांनी पाडलं त्यांच्यासाठी मी लिहितो आहे. शाळेत मी चौथीपर्यंत गेलो. अक्षर वाकडं आहे. पण जे झालं ते सरळ सांगता येतं.

माझी बायको माघात गेली. तिची राख माझ्या पोरानं आणि माझ्या साळ्यानं तळ्यात टाकली. तेव्हापासून गावानं त्या तळ्यातली मासोळी खायची सोडली. गोष्ट एवढीच आहे. पण एवढीच आहे म्हणून सोडून द्यायला मी तयार नाही.

आमचं गाव कामरगावच्या पलीकडं. कालवा नाही, धरणाचं पाणी नाही. वरून पडेल तेवढं आपलं. सोयाबीन आणि तूर तेवढ्यावर निघते, पण हरभऱ्याला एखादं पाणी मिळालं तर घाटे भरतात, म्हणून वावराच्या खालच्या कोपऱ्यात योजनेतून शेततळं खोदून घेतलं. खाली पिवळी चिकट माती लागली. ती पाणी धरून ठेवते. शेजारच्यांची तळी दिवाळी झाली की कोरडी पडतात, आमचं फाल्गुनापर्यंत टिकतं, कधी चैत्रही पाहतं.

ती बचत गटाच्या बायांबरोबर वाशीमला एका शिबिराला गेली आणि मासोळ्या डोक्यात घेऊन आली. मी म्हटलं, "तळं हरभऱ्यासाठी हाय."

"हरभरा काय सारं पानी पेते? तुमचा पिऊन झाला का त्याच्या खालचं माह्यं."

दुसऱ्या दिवशी तिनं तळ्यात उतरून एक बांबू रोवला. त्याला लाल फडकं बांधलं. मोटर त्या फडक्यापर्यंत चालवायची, त्याच्या खालचं पाणी मासोळ्यांचं. एका साली हरभरा ऐन फुलावर होता, पाणी फडक्याला लागलं, तरी मी मोटर बंद केली नाही. ती आली, डब्यातला फ्यूज काढला, कमरेच्या पिशवीत घातला आणि घरी जाऊन भाकरी थापत बसली. मी मागं मागं गेलो, तर म्हणते, "हरभऱ्याले पाय नाई, थो कुठंच पळून नाई जात. मासोळ्या श्वास कुठून घेतीन?" फ्यूज काही दिला नाही. हरभरा काही मेला नाही.

मासोळीचं बी यायचं ते फुगवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत. बोटाएवढी पिल्लं, आत हवा भरलेली. ती पिशव्या मांडीवर घेऊन जीपमध्ये बसायची आणि जीपवाल्याला खड्डा आला की शिव्या घालायची. तळ्यावर आली की पिशव्या तशाच बंद पाण्यावर सोडायच्या आणि बांधावर बसून राहायचं. पहिल्या वेळी बघायला अर्धं गाव जमलं होतं. त्यात स्टॅंडवरचा चहावाला होता. ह्या माणसाचं नाव मी लिहीत नाही, पण त्याचं तोंड ह्या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

तो म्हणाला, "काकू, पिशवी सोडत काहून नाई? मासोळ्या झोपल्या काय?"

"आतलं पानी अन् भाईरचं पानी येकसारखं होऊ दे. तू नवरी आनली तं जीपमधून उतरल्या उतरल्या चुलीपाशीच ढकलली होती काय?"

सगळे हसले. त्याची बायको सगळ्यांत जास्त हसली.

मग तिचा तो उद्योग लागला. तळ्यात शेण कालवायचं. डाळ भरडून उरलेली तुरीची चुनी आणि सरकीची ढेप घमेल्यात भिजवायची, पोत्याला भोकं पाडून त्यात भरायची आणि ते पोतं बांबूला बांधून पाण्यात लोंबतं ठेवायचं. मासोळ्या येऊन भोकांतून ओढत बसायच्या. पाणकावळे यायला लागले तेव्हा तिनं तिच्या जुन्या साड्या फाडून दोऱ्या केल्या आणि ह्या काठापासून त्या काठापर्यंत ताणल्या. आमच्याकडं रोही, म्हणजे नीलगाय, आणि डुकरांसाठी वावराला साड्या लावतात. तळ्याला लावलेल्या पहिल्या साड्या तिच्या. त्यातली एक पिवळी साडी पोरगा झाला तेव्हाची होती. मी म्हटलं, ही तरी ठेव. म्हणाली, पेटीत ठेवून काय उंदरांना देऊ.

आमच्या भागात मासोळी म्हणजे बाजारात बर्फावर पडलेली, डोळे पांढरे झालेली. गल्लीतल्या बाया नाक धरायच्या. हिनं पहिल्या साली एक मासोळी विकली नाही. घरोघर वाटली. आमच्या शेजारणीला तर अंगणात बसवून साफ करायला शिकवली. चुलीतली राख हाताला लावायची, मग मासोळी धरायची, म्हणजे निसटत नाही. खवले शेपटीकडून डोक्याकडं काढायचे. हळद अगोदर, मीठ मागून. शेजारीण सारखी म्हणायची, "बाई, किती वळवळते वो," आणि ही म्हणायची, "वळवळते म्हनून तं खायची. नाई वळवळली तं लिंबाच्या झाडाखाली पुरायची." तो तिचा कायदा होता. मेलेली मासोळी तिनं कोणाला दिली नाही. लिंबाला त्यामुळं लिंबं मात्र अशी लागायची की बघत राहावं.

पुढं बाया बांधावर टोपली घेऊन यायला लागल्या. कामरगावच्या बाजारात कारंज्याचा एक मुसलमान व्यापारी मासोळी विकायचा, तोही यायला लागला. तो तिला भाभी म्हणायचा आणि तिच्यापुढं घासाघीस करायला घाबरायचा. कोरडवाहू गावात जिवंत मासोळी मिळते म्हणून पाहुणे फोन करून यायचे. हे तिनं केलं. योजनेनं नाही, गावानं नाही, मी तर नाहीच.

माघात एका सकाळी तिनं घमेल्यात चुनी भिजवली. दुपारी छातीत कळ आली म्हणाली. शेजारणीच्या पोराची जीप काढली. कारंजा दिसायला लागलं होतं, रस्त्याकडेच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गंज्या दिसत होत्या, तेव्हा तिनं माझ्या खांद्यावर डोकं टाकलं. मला वाटलं, दमली.

घमेलं तसंच राहिलं. घर माणसांनी भरलं, रडणं झालं, आणि अंगणात चुनी आंबत होती. त्या वासानं मला समजलं की तळ्यावर कोणी गेलेलं नाही. मी साळ्याला म्हटलं, कोणाला तरी पाठवा. तो म्हणाला, भाऊजी, सुतकात कायच्या मासोळ्या.  त्या दिवसांत मला कोणीही गप्प बसवू शकत होतं.

तिसऱ्या दिवशी राख सावडली. अस्थी मडक्यात वेगळ्या काढून झाडाला टांगल्या, त्या पुढं मोठ्या नदीला नेल्या. राख मात्र आमच्या गावात त्याच दिवशी नदीत सोडतात. माझे गुडघे त्या दिवशी उचलत नव्हते. मी घरीच बसलो. पोरगा आणि साळा पोतं घेऊन मोटरसायकलवर गेले. पोरगा पुण्याला कंपनीत आहे, थोड्या रजेवर आला होता. दोघं लवकरच परत आले. तोंडावर असं काही होतं की जणू कोणाचं भलं करून आले.

"नदीत टाकली ना?" मी विचारलं.

पोरगा म्हणाला, "बाबा, नदीत पानीच नाई. येक डबकं होतं, त्यात म्हशी बसल्या होत्या. त्यात आईले टाकू काय?"

"मंग कुठं टाकली?"

त्यानं मामाकडं पाहिलं. साळा खाटेवर माझ्याजवळ बसला आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "भाऊजी, बहिनीचा जीव तळ्यात होता. आमी तठीच सोडली. अन् काय सांगू तुमाले, राख पडली तशा साऱ्या मासोळ्या वरतं आल्या. तोंड वासून. ओळखलं त्यायनं तिले."

मी त्याचा हात झटकला. "ओळखलं नाई. भुक्या होत्या त्या. ती गेल्यापासून कोनी चारा नाई टाकला त्यायले. त्यायले वाटलं चुनी आली."

"असं काहून बोलता?"

"वाहतं पानी पाह्यजे राखेले. खाली जायचं, जठी वाहते तठी. बुडाखाली गाडी होती ना? का पेट्रोल महाग झालं माझ्या बायकोपुरतं?"

पोरगा रडायला लागला. बायांनी मला आत नेलं. बुढ्याला दुःख सहन होत नाही, असं कोणीतरी म्हणालं. दुःख होतंच. पण ते जे बोललो ते दुःख नव्हतं. मला तेव्हाच दिसलं होतं की पुढं काय होणार.

आणि तसंच झालं. साळा माणूस वाईट नाही. त्याला बहिणीचा चमत्कार सांगायचा होता. तो संध्याकाळी स्टॅंडवर चहा प्यायला गेला आणि भरल्या डोळ्यांनी सांगून आला की राख टाकली तर मासोळ्या धावत आल्या आणि राख तोंडात घेतली. चहावाल्यानं ते ऐकलं. आता चहावाल्याच्या हातात काही आलं की त्यात तो पाणी घालतोच, दूध कमी करतो. दोन दिवसांत गावात झालं की मासोळ्यांनी बुढीची राख खाल्ली. तेरवीपर्यंत झालं की मासोळ्यांनी बुढीच खाल्ली.

तेरवीनंतर मी स्वतः तळ्यावर जायला लागलो. चुनी भिजवायचो, पोतं बांधायचो. तिच्या चपला बांधावर होत्या तशा होत्या. मी हलवल्या नाहीत. मासोळ्या पोत्याला यायच्या. मोठ्या झाल्या होत्या. दरवर्षी ह्याच दिवसांत, पाणी तापायच्या आधी, ती काढायला लावायची. दर सालच्या बाया ठरलेल्या होत्या. मी शेजारणीला म्हटलं, "पोरी, बायायले सांग, ह्या आठवड्यात काढतो."

ती धुणं पिळत होती. पिळत राहिली. मग म्हणाली, "मोठेबाबा, राग नका मानू. आमच्या घरचे म्हनतेत, यंदा नको."

"काहून?"

"तुमाले माहीत हाय काहून. काकूची राख हाय त्यात. घास घशाखाली कसा उतरीन? मलेच नाई उतरनार. त्यायच्या हातची शिकली मी."

"सारं गाव राख कुठं टाकते?"

"नदीत."

"अन् नदीकाठच्या हिरीचं पानी कोन पेते?"

"थे वाहते ना, मोठेबाबा."

"पावसात वाहते. बाकी सालभर?"

 ती धुणं घेऊन आत गेली. मी मग प्रत्येक बाईच्या दारात गेलो. कोणी म्हणालं उपवास चालू आहे, कोणी म्हणालं पोराला डॉक्टरनं मना केलं. एका घरी तर म्हणाले आम्ही माळ घातली. ज्या माणसानं माळ घातली म्हणत होते त्याच्या मिशीला मटणाचा रस्सा मी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, पाहिला होता. खोटं बोलताना तरी माणसानं माझ्या वयाची लाज ठेवावी.

स्टॅंडवर गेलो तर चहावाला म्हणतो, "या मोठेबाबा. काय म्हनते आमची काकू? तळ्यात पवते काय?"

दोन-चार जण हसले. मी चहाचा ग्लास उचलला आणि त्याच्या भट्टीत ओतला. फस्स करून राख उडाली, त्याच्या दुधात, त्याच्या साखरेत, त्याच्या डोक्यावर.

"आता पाज हा चहा लोकायले," मी म्हटलं. "राख पडली त्यात."

त्यानं ते दूध फेकलं नाही. मी उभा राहून पाहिलं. वरची साय काढली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला चहा दिला. त्या गिऱ्हाइकानं पिला.

तेवढ्यात ऊन वाढायला लागलं. पाणी लाल फडक्याच्या खाली गेलं. ह्या साली मी मोटर लावलीच नव्हती, हरभरा तसाच वाळू दिला होता, तरी गेलं. ऊन कोणाच्या फडक्याला विचारत नाही. सकाळी तळ्यावर जावं तर सगळ्या मासोळ्या वर येऊन तोंडं उघडत होत्या. पाण्यात हवा कमी पडली की असं करतात. ती असती तर बादलीनं पाणी उचलून वरून आपटत राहिली असती. मी तेच केलं. हात भरून यायचे. अजून थोडे दिवस, मग मरायला लागल्या असत्या. मेल्या की फुगून वर येणार, वास सुटणार, आणि तो वास गावात पोचला की लोक म्हणणार, बघा, बुढीचं तळं कसं नासलं. तिनं आयुष्यात एक मेलेली मासोळी कोणाच्या टोपलीत टाकली नव्हती. आणि आता सगळं तळं मेलेलं, तिच्या नावानं. मला झोप येत नव्हती ती ह्यामुळं.

पोराला फोनवर सांगितलं तर तो म्हणतो, "बाबा, काढूच नका ना. राहू द्या. आईची आठवण म्हनून."

"राहतीन कुठं? पानी चाललं."

"मंग टँकर बोलवा."

"गावात प्यायले टँकर नाई अन् मासोळ्यायले टँकर? अन् तू आठवन म्हनून टँकरमागं उभा राहशीन काय?"

त्यानं फोन ठेवला. मग कारंज्याचा व्यापारी आला. बांधावर बसला, तिच्या चपलांकडं पाहिलं आणि डोक्यावरून रुमाल काढून मांडीवर ठेवला. 

"चाचा, माल चांगला हाय. मी सारा उचलतो. पन कामरगावात नाई मांडत. दूर नेतो. तठी कोनाले काय माहीत."

"म्हंजे चोरून."

"चोरून कायचं? कोनी इचारलंच नाई तं सांगायचं काय?"

"तिनं कधी लपवून विकलं? शिळी ताजी म्हनून देल्ली कधी तुले?"

"नाई देल्ली," तो म्हणाला. "भाभीनं नाई देल्ली. पन चाचा, मी कामरगावात टोपली मांडली अन् तुमच्या गावचा येक मानूस येऊन बोलला, तं माह्या बाकीच्या मालालेही कोनी हात नाई लावनार. मले घर चालवा लागते. मी तं खाईन. आजच देजा, घरी शिजवतो. माह्यं म्हननं लोकायचं हाय."

माणूस खरं बोलत होता आणि मला त्याचाही राग आला. मी म्हटलं, "मी बोलावतो तेव्हा ये. तोवर नको येऊ." तो सलाम करून गेला.

तिचा महिना आला. महिन्याचं जेवण करतात, पाहुणे येतात. साळ्याचा फोन आला, पुरणपोळी करायची की शिरा. मी म्हटलं, "मासोळी."

 मग म्हणाला, "भाऊजी, डोकं ठिकानावर हाय ना? महिन्याच्या जेवनात मासोळी?"

"गुडघाभर चिखलात उभी राहून तिनं पुरनपोळ्या नाई पाळल्या. यायचं तं ये. नाई आला तं तुह्या वाटची मी खाईन."

धरणाकडं मासोळी धरणाऱ्या दोन भोई भावांना बोलावलं. त्यांच्या कानावर सगळं गेलंच होतं. मोठा म्हणाला, "बाबा, आमचा बाप, आमचा आजा, सारे पान्यातच गेले. त्याच पान्यातून आमी खातो. जाळं कुठं लावू तेवढं सांगा." अख्ख्या तालुक्यात मला तेवढंच शहाणं माणूस भेटलं.

त्या सकाळी गाव बांधावर आलं. खायला नाही, पाहायला. पोरगा आणि सूनही आले होते. पोरानं मोबाईल काढला, फोटो घ्यायला. मी म्हटलं, "थे खिशात ठेव. पँट गुडघ्यावर घे अन् जाळ्याचं ते टोक धर." त्यानं माझ्याकडं पाहिलं. बूट काढले, आईच्या चपलांशेजारी ठेवले, आणि उतरला. चिखलात दोनदा पडला. लोक हसले. उठला आणि ओढत राहिला. जाळं काठाला आलं तेव्हा पाणी उकळल्यासारखं झालं होतं. रोहू, कटला, मृगळ, सगळी ताजी, सगळी उडणारी. मी इतकी वर्षं पाहत आलो, पण अशी भरलेली खेप पाहिली नव्हती. आणि ही पाहायला ती नव्हती. मी बांधावर तोंड फिरवून उभा राहिलो. गावाला माझी पाठ दिसली, तेवढी पुरे.

थोड्या मासोळ्या घरी आणल्या, बाकीच्या भोयांनी पाण्याच्या ड्रमात ठेवल्या. अंगणात, गल्लीला दिसेल अशी तीन दगडांची चूल मांडली. त्यावर गंज, म्हणजे मोठं पातेलं, ठेवला. सून भाकरी थापायला बसली. मी बायकोचा विळा घेतला. आयुष्यात मी मासोळी साफ केली नव्हती. पहिली हातातून निसटून मातीत गेली. दुसरी धरली तर काटा बोटात घुसला. गल्लीत दोन्ही बाजूला माणसं उभी. साळा आला होता, पण खुर्ची लांब घेऊन बसला होता. मी गंजात तेल टाकलं, लसूण टाकला, तिखट टाकलं. तिखट जळलं. सगळी गल्ली खोकायला लागली.

शेजारीण तिच्या दारात उभी होती. ती पदर नाकाला लावून बघत होती. मी मिठाची मूठ भरली तशी तिला राहवलं नाही.

"मोठेबाबा, हे काय करून राह्यले? अगोदर मीठ? काकूनं असं सांगतलं होतं काय?"

"मले काही नाई सांगतलं. तुले सांगतलं होतं. तू तं खात नाई."

"सरा तिकडं," ती म्हणाली. तिनं पदर खोचला, गंज उतरवला, जळलेलं तेल ओतून दिलं. चुलीतली राख हाताला लावली आणि मासोळी उचलली. शेपटीकडून डोक्याकडं. एक, मग दुसरी. तिचा हात माझ्या बायकोसारखाच चालत होता. मला ते पाहवत नव्हतं आणि डोळे हलत नव्हते. हळद लावली. नवीन तेल, लसूण, जिरं, खोबरं भाजून वाटलेलं. रस्सा उकळायला लागला. तिनं मीठ टाकलं, पळीनं हलवलं, आणि रोज करते तसा पळीतला रस्सा तळहातावर घेतला आणि चाटला.

 तिच्या सासूनं दारातून हाक मारली, "वो बाई."

शेजारीण तळहाताकडं पाहत राहिली. मग म्हणाली, "मीठ कमी हाय." आणि अजून मीठ टाकलं.

आम्ही जेवलो. मी, पोरगा, सून, ते दोघं भोई, आणि शेजारीण. ती अंगणात आमच्याबरोबर पंगतीत बसली, सासू दारात उभी असताना. साळा बराच वेळ लांब बसला, मग खुर्ची सोडून जमिनीवर आला आणि म्हणाला, "थोडी वाढा." वाढली. पोरगा जेवताना मान खाली घालून होता. मी त्याला माफ केलं असं नाही. पण त्याच्या हाताला जाळ्याचे वळ होते आणि मी त्याच्या ताटातले काटे काढून दिले, तो लहान असताना ती काढायची तसे.

व्यापाऱ्याला निरोप दिला. म्हटलं, ने, पण कामरगावातच मांड, आणि कोणाच्या तळ्यातली ते सांगून मांड. नाहीतर ड्रम इथंच राहू दे. तो डोकं खाजवत गेला. पुढच्या बाजाराला भेटला तेव्हा म्हणाला, "सांगतलं, चाचा. दोघी-तिघी उठून गेल्या. येकीनं इचारलं, ताजी हाय ना? मी म्हनलं, भाभीची हाय. तिनं पिशवी पुढं केली."

एवढं झालं तरी गावानं नाव बदललं नाही. सात माणसांनी खाल्ली म्हणून गाव सुधारत नसतं.

मोटर लावली नव्हती म्हणून तळं वैशाखात आटलं. मधोमध एक डबकं राहिलं, त्यात जाळ्यातून सुटलेल्या काही मृगळी चिखल उकरत होत्या. बाकी सगळा गाळ. काळा, मऊ, लोण्यासारखा. शेणाचा, चुनीचा, मासोळ्यांचा, आणि तिचा. असा गाळ वावरात पडला तर जमीन दोन साल उपाशी राहत नाही, हे आमच्याकडं पोरासोरांनाही माहीत. मग काय, ट्रॅक्टर आले. ज्यांनी उपवास सांगितले ते आले. माळवाला आला. सगळ्यांच्या आधी चहावाला आला.

"मोठेबाबा, दोन ट्रॉल्या पाह्यजे होत्या. वरच्या वावरात टाकतो."

"त्यात बुढी हाय."

"अजी, गाळात काय होते?"

"मासोळीत होती अन् गाळात नाई? गाळावर सोयाबीन येईन. थे कोन खाईन? तू का तुह्ये बैल?"

तो हसायला गेला, पण मी हसत नव्हतो म्हणून थांबला. बाकीचे ट्रॅक्टरवर बसून ऐकत होते. मी शेजारणीला म्हटलं, पहिली ट्रॉली तुझी. ती भरली, गेली. मग मी डबक्यात उतरलो, गुडघे कुरकुरत होते, आणि एक मृगळ धरली. चिखलानं हात भरले होते, निसटली नाही. ती चहावाल्याच्या हातात दिली. शेपटीनं त्याच्या सदऱ्यावर चिखल उडाला.

"घरी ने. चुलीवर चढव. खाऊन ये, मंग गाळ ने."

"मोठेबाबा, असं काय करता."

"मी काही नाई करत. तूच गाळ नेऊन राह्यला."

सगळ्यांना तेच सांगितलं. काही ट्रॅक्टर रिकामे परतले, त्यांचा मला आदर आहे, निदान शब्दाला जागले. चहावाला मासोळी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॉली घेऊन हजर. मी त्याला काही विचारलं नाही, त्याच्या बायकोला विचारलं. ती ट्रॉलीत बसून आली होती, मासोळीच्या पिशव्या आल्या त्या पहिल्या दिवशी बांधावर सगळ्यांत जास्त हसलेली तीच.

"खाल्ली काय त्यानं?"

"खाल्ली वो. डोकं सुद्धा चोखलं. पन म्हनत होता, काटे लय हायेत."

मृगळीत काटे असतातच. असू दे. थोडे घशात अडकू दे.